होडीला धरलं तर बाद करतात का?

ताई,
माझं वय ४४. ऑफिसातल्या दोघींनी एका स्प्रिंट ट्रायथलॉनला नाव घातलं आणि त्यांच्या नादानं मीही घातलं. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. नवशिक्यांसाठी आहे म्हणतात. हातात बारा आठवडे आहेत. पाच किलोमीटर मी ३८ मिनिटांत रडतखडत पळते. सायकल भाचीची आहे, जाड टायरची. रविवारी पंधरा-वीस किलोमीटर होतात. पोहायला दोन वर्षांपूर्वी शिकले. २५ मीटरच्या तलावात सोळा फेऱ्या मारते, पण प्रत्येक भिंतीला थांबून. नवरा म्हणतो, ‘या वयात हे काय खूळ?’ सगळ्यांत शेवटी आले तर ऑफिसात तोंड कसं दाखवू? नवी सायकल घ्यावी का? कपडे कुठे बदलायचे? त्या दोघी पहाटे साडेचारला उठून सराव करतात, मला ते जमत नाही, म्हणजे मी आळशी का? (मागच्या महिन्यात आम्ही जलाशयावर गेलो होतो. तळ दिसेना तशी छाती भरून आली आणि मी परत फिरले. पोहायचा चष्मा विसरले म्हणून सांगितलं. बाबांना ५२व्या वर्षी झटका आला होता. मध्येच होडीला धरलं तर बाद करतात का?) जाऊ, की नाव मागे घेऊ?
— तिघींतली तिसरी

तिसऱ्या बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं, दुसऱ्यांदा फक्त कंसातलं. माणसं मुख्य गोष्ट कंसात का घालतात कोण जाणे. मी कंसापासूनच सुरुवात करते. सायकल आणि कपडे पळून जात नाहीत.

नाही, होडीला धरलं म्हणून बाद करत नाहीत. या खेळाची जागतिक संघटना आहे वर्ल्ड ट्रायथलॉन. तिच्या नियमांत स्पष्ट आहे की पोहताना दमलात तर पाण्यावरच्या खुणेच्या फुग्याला किंवा उभ्या होडीला धरून विश्रांती घेता येते, उथळ असेल तर तळावर उभंही राहता येतं. अट एवढीच की त्या आधारानं पुढे सरकायचं नाही. कायाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, तुम्हाला ओढत घेऊन चालली तर तो गुन्हा. तुम्ही तिला लोंबकळून दम खाल्लात तर काही नाही. पोहायचंही कसंही: फ्रीस्टाइल, ब्रेस्टस्ट्रोक, पाठीवर, किंवा कुठल्याच पुस्तकात नसलेल्या तुमच्या खास पद्धतीनं. हात उंच करून हलवला की जवळची होडी तुमच्याकडे येते. मात्र तुम्हाला उचलून होडीत घ्यावं लागलं तर त्या दिवसापुरती शर्यत संपली. शर्यतीआधी सूचना देतात तेव्हा हे सगळं पुन्हा विचारून घ्या. सगळ्यांसमोर विचारा. आजूबाजूच्या पाच-सहा जणांचे चेहरे सैल पडलेले दिसतील.

मी स्वतः धरली होती होडी. वय ४७, पहिलीच शर्यत, शंभरेक मीटर झाले असतील. कुणाची तरी टाच गॉगलवर बसली, पाणी आत शिरलं आणि मला एकदम आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. येत होतं, पण त्या क्षणी ते कुणी पटवून द्यायचं? बाजूला कायाक होती, तिचं नाक धरलं. आतला मुलगा विशीतला असेल. मी दोनदा ‘सॉरी’ म्हटलं. तो म्हणाला, ‘सावकाश हो मावशी, मला दहापर्यंत इथंच बसायचंय.’ दीड मिनिट लागलं असेल. गॉगल रिकामा केला, लावला, निघाले. निकालपत्रात त्या दीड मिनिटाची कुठेच नोंद नाही.

तेव्हा पाण्याचं बघू. पण त्याआधी बाबा.

‘छाती भरून आली’ हे शब्द वाचून मी थबकले. बहुधा ती भीतीच असेल. पण वडिलांना बावन्नाव्या वर्षी झटका आलेला असताना ‘बहुधा’च्या भरवशावर पाण्यात उतरू नये. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन शर्यतींचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडणं आणि अपघाती मृत्यू अशा मिळून १३५ घटना संशोधकांना सापडल्या, आणि त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. बहुतेक जण पुरुष, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. शवविच्छेदनात काहींच्या हृदयात आधी कधीच लक्षात न आलेला दोष सापडला. प्रमाण म्हणाल तर लाखामागे दोनसुद्धा नाही, त्यामुळे हा आकडा वाचून नाव मागे घेऊ नका. डॉक्टरांकडे मात्र जा. ‘एक फिटनेसचा कागद द्या’ म्हणून सही घेऊन येऊ नका. बाबांचं वय सांगा, जलाशयावर काय झालं ते सांगा, आणि दोन-सव्वादोन तास सलग दम लागेल असं काहीतरी करायचंय हे सांगा. कुठल्या तपासण्या करायच्या ते ते ठरवतील. कोरड्या जमिनीवर, जिना चढताना किंवा पळताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, ठोके चुकल्यासारखे वाटत असतील तर तेही लपवू नका. चष्म्यासारखं कारण तिथे चालणार नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं, असं धरून पुढे लिहिते.

तुम्ही दोन वर्षं सोळा फेऱ्या मारताय आणि प्रत्येक भिंतीला थांबताय. म्हणजे तुम्हाला सलग पोहता येतं ते २५ मीटर. बाकीचं भिंत पोहते. रागावू नका, माझंही तेच होतं. भिंत आली की हात टेकायचा, तोंडावरचं पाणी पुसायचं, दोन श्वास, मग पायानं ढकलून सुटायचं. त्या ढकलण्यात दोन-तीन मीटर फुकटात मिळतात. जलाशयात भिंत नसते आणि तळावरची काळी पट्टीही नसते. तुम्हाला वाटलं तळ दिसत नाही म्हणून भीती वाटली. माझा अंदाज असा की भिंत दिसेना म्हणून वाटली.

मग भिंत सोडायची ती तलावातच. पहिल्या तीन आठवड्यांत दोन फेऱ्या सलग, मग वीस सेकंद थांबा. हळूहळू चार करा. चौथ्या आठवड्यापासून एक खोडी करा: भिंतीच्या मीटरभर आधीच वळायचं. हात लावायचा नाही, ढकलायचं नाही. तलावातल्या लोकांना तुम्ही विचित्र वाटाल. दम लागला तरी काठाकडे जायचं नाही. पाठीवर पडायचं, कान पाण्यात, नाक वर, आणि वीस श्वास मोजायचे. हा खरा सराव. खोल भागात पाठीवर पडून तुम्हाला कंटाळा यायला लागला की समजा, काम झालं.

आणि श्वास. पाण्यात घाबरलेल्या माणसाला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो अजून आत ओढतो. खरं म्हणजे त्यानं आतली हवा सोडलेलीच नसते. गुदमरल्यासारखं वाटतं ते बरंचसं साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. त्यात पाणी गार असेल तर अंगाला लागताक्षणी श्वास आपोआप आत खेचला जातो आणि पहिलं दीड-दोन मिनिटं धपापत राहतो. हे शरीर करतं. तुमच्या धीटपणाशी त्याचा संबंध नाही. काठाला धरून उभं राहा, तोंड पाण्यात घाला आणि ‘म्’ असा लांब सूर लावा. नाकातून बुडबुडे यायला हवेत, एकसारखे, फडफड नको. सूर संपला की तोंड कडेला वळवून हवा घ्या, पुन्हा ‘म्’. रोज पोहायच्या आधी वीस वेळा. मी आजही करते, आणि सूर बेसूर आहे अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

शर्यतीच्या दिवशी पाण्यात आधी उतरायला देत असतील तर उतराच. मानेवर, तोंडावर पाणी घ्या, ती धपापती दोन मिनिटं सुरुवातीच्या आधीच संपवून टाका. मग सगळ्यांत मागे आणि कडेला उभ्या राहा. शिट्टी वाजली की मनात दहा मोजा. पुढची मंडळी एकमेकांना लाथा मारत जातील; तुम्हाला मोकळं पाणी मिळेल. पहिले शंभर मीटर इतके हळू पोहा की लाज वाटावी. मध्येच ब्रेस्टस्ट्रोकवर आलात तरी चालेल. सहा-आठ हात मारले की एकदा डोळे पाण्यावर काढून पुढचा फुगा बघा, सुसरीसारखे, नुसते डोळे. अख्खं डोकं उचललं की पाय बुडतात. तलावात सहा हात डोळे मिटून पोहून पाहा, कुठे जाता ते. मी डावीकडे जाते. म्हणून ७५० मीटरच्या शर्यतीत माझे आठशेच्या वर होतात, आणि तुमचेही होणार असं धरूनच तयारी करा.

उघड्या पाण्यावर एकटं जायचं नाही. शिकवणारा किंवा होडीवाला माणूस सोबत हवा, डोक्यावर भडक टोपी हवी, कमरेला बांधायचा तरंगता फुगा मिळाला तर उत्तम. पहिल्या खेपेला पोहायचंसुद्धा नाही. छातीभर पाण्यात उभं राहून ‘म्’, मग काठाला समांतर पन्नास मीटर, आणि घरी. खोकला थांबेना, छातीत घरघर झाली, गुलाबी फेस आला, तर ती भीती नव्हे. लगेच बाहेर आणि दवाखान्यात.

आणि त्या दोघींना खरं सांगा. तुमच्या चष्म्यावर त्यांनी विश्वास ठेवला असेल तर पुढच्या वेळी त्या तुम्हाला मागे सोडून निघून जातील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. मला आणखी एक शंका आहे: तिघींपैकी निदान एकीला तरी तेच झालं असणार.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. जा, पण एका अटीवर. आठवा आठवडा संपेल तेव्हा तलावात भिंतीला न थांबता सहाशे मीटर झाले पाहिजेत, आणि उघड्या पाण्यात दोन खेपा शांतपणे झाल्या पाहिजेत. वेळ मोजू नका. झालं, तर शर्यतीला उभ्या राहा. नाही झालं, तर आयोजकांना फोन करा. बऱ्याच ठिकाणी सुपर स्प्रिंट असते: ४०० मीटर, १० किलोमीटर, अडीच किलोमीटर. काही ठिकाणी ड्युएथलॉन असते, त्यात पोहणंच नाही. पळा, सायकल, पुन्हा पळा. किंवा रिले असते, एकीनं पोहायचं, दुसरीनं सायकल, तिसरीनं पळायचं. तुम्ही तिघी आहातच. नावाखालचा प्रकार बदलून घेणं याला मी माघार म्हणत नाही. सहाशे मीटर होत नसताना ‘त्या दिवशी जमेल’ म्हणून उतरणं मात्र मला मान्य नाही, आणि इथे मी जरा कडकच आहे.

सायकलचं थोडक्यात. नवी घेऊ नका. भाचीच्या सायकलवर ताशी वीसच्या वेगानं तासाभरात २० किलोमीटर होतात, आणि नवशिक्यांच्या शर्यतीत जाड टायरवाले पुष्कळ असतात. ब्रेक दोन्ही लागले पाहिजेत, हँडलच्या नळ्यांची तोंडं बंद हवीत, तपासतात. सर्व्हिसिंग आठवडाभर आधी करून घ्या. आदल्या रात्री कुणालाही पाना लावू देऊ नका. टायरमध्ये हवा किती ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल खाली असताना पाय सरळ झाला की उंची बरोबर. बहुतेक जणी सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघ्याला बोल लावतात. हलका गिअर ठेवून पाय भरभर फिरवा, मिनिटाला ऐंशीच्या आसपास. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेणं हौशींच्या शर्यतीत बहुधा मना असतं. साधारण १० मीटर अंतर ठेवायचं, ओलांडायचं तर रेंगाळायचं नाही. एका हातानं बाटली काढून पाणी प्यायची आणि रस्ता न सोडता उलटं वळायची सवय करा. पंक्चर काढता आलं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर निदान ट्यूब आणि पंप बरोबर ठेवा, कुणीतरी थांबतं. संपलं.

कपडे कुठे बदलायचे? कुठेच नाही, आणि मला या खेळात हेच फार आवडतं. जे घालून पोहता तेच घालून सायकल आणि तेच घालून धावणं. तीन खेळांसाठी शिवलेला ट्राय-सूट मिळतो. नसेल तर पोहण्याचा पोशाख आणि वरून एक घट्ट चड्डी-टॉप, जे काही सराव करताना कुठेही घासलं नाही ते. काखेत, मानेला, मांड्यांना आधी व्हॅसलीन. वेटसूट, म्हणजे गार पाण्यासाठीचा रबरी पोशाख, तुम्हाला बहुधा लागणारच नाही. जागतिक नियमांप्रमाणे एवढ्या अंतराला २२ अंशांच्या वर पाणी असेल तर तो हौशींना चालतही नाही.

पोहणं आणि सायकल यांच्या मधली जी जागा, तिला ट्रान्झिशन म्हणतात. नवखे लोक तीन खेळांचा सराव करतात आणि या चौथ्याचा करत नाहीत. घरातच करा. जमिनीवर टॉवेल पसरा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर लोंबते, पोटात सायकलचा गॉगल. बुटांच्या नाड्या सैल. ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिकच्या नाड्या मिळाल्या तर बांधायची भानगडच मिटली. मोजे आतून बाहेर गुंडाळून ठेवलेले, ओल्या पायावर सरकवता येतील असे. नंबर पट्ट्याला लावलेला: सायकलवर पाठीकडे, धावताना पोटाकडे. मग न्हाणीघरातून ओल्या अंगानं धावत या आणि सगळं चढवून पाहा. पहिल्यांदा चार मिनिटं लागतील आणि घरातले हसतील. पाचव्यांदा दोन लागतात.

एक क्रम मात्र हाडात मुरवा. आधी हेल्मेट डोक्यावर, हनुवटीखालचं बक्कल ‘टक्’, आणि त्यानंतरच सायकलला हात. परत आल्यावर उलट: आधी सायकल जागेवर लागली पाहिजे, मगच बक्कल सुटलं पाहिजे. यात चूक झाली की मार्शल, म्हणजे नियमांवर लक्ष ठेवणारा पंच, तिथल्या तिथे थांबवतो, दंडही होतो. आत सायकलवर बसायचं नाही, हातात धरून पळवायची. बाहेर जमिनीवर रेघ असते, तिच्या पुढे बसायचं आणि परत येताना रेघेच्या अलीकडे उतरायचं. आणि आदल्या दिवशी किंवा पहाटे आपली सायकल कितव्या रांगेत, कितवी, हे चालत जाऊन मोजा. पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला सगळ्या सायकली सारख्या दिसतात. मी हे सगळं मनापासून पाळलं आणि मग हेल्मेट काढायलाच विसरले. तसंच पळत सुटले. चारशे मीटरवर एक लहान मुलगी ओरडली, ‘आई, ती बाई बघ!’ मला वाटलं कौतुक चाललंय.

पळण्याला तुम्ही घाबरत नाही, चांगलं आहे. फक्त सायकलवरून उतरून पळण्याचा सराव तुम्ही केलेला दिसत नाही. पाय दुसऱ्याचे लावल्यासारखे वाटतात, ओंडके. तासभर गोल फिरायची सवय लागलेली असते, कमरेचा पुढचा भाग आखडलेला असतो, आणि आता त्याच पायांना अंगाचं वजन उचलायचं असतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा सायकल झाल्या झाल्या, पाणी न पिता, फोन न बघता, दहा मिनिटं पळा. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून ओंडके लवकर विरघळतात. सायकलचा शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर काढा. पहिला किलोमीटर मुद्दाम दाबून धरा. सायकलच्या तालात पाय पळवत सुटतात आणि आपण भलत्याच वेगात असतो. चालावंसं वाटलं तर चाला. नियमात चालायला परवानगी आहे, रांगायला नाही. गंमत नाही, खरंच तसं लिहिलंय. १९८२ च्या हवाईतल्या आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये जूली मॉस नावाची मुलगी शेवटच्या टप्प्यात कोसळून रांगत दुसरी आली. ते चित्रण जगानं पाहिलं आणि हा खेळ घरोघरी माहीत झाला. आता वर्ल्ड ट्रायथलॉनच्या शर्यतीत तसं केलं तर बाद करतील.

पहाटे साडेचारला उठत नाही म्हणून आळशी? आठवड्याला पाच-सहा तास पुरतात. तीनदा पोहणं (तुमच्या बाबतीत तीनदाच), दोनदा सायकल, दोनदा पळणं, त्यातलं एक सायकलला जोडून. संध्याकाळी केलं तरी शरीराला तेच वाटतं. फक्त शर्यत सकाळी असते, तेव्हा शेवटच्या महिन्यात दोन-चार सकाळी उठून पाहा, पोट आणि झोप काय म्हणतात ते कळेल. एखादा दिवस बुडाला तर बुडाला, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं एकदम करू नका. शेवटच्या आठवड्यात निम्मंच करा, बाकीच्या वेळात झोपा. आणि त्या दिवशी नवं काही पोटात घालू नका, नवं काही अंगात घालू नका.

शेवटी येण्याचं म्हणाल तर कुणीतरी येणारच. तुमचे आकडे धरून हिशेब केला: पोहायला २२-२५ मिनिटं, सायकल तास, पळणं चाळीस, मधली पाच-सहा. सव्वादोन तासांच्या आत. नवशिक्यांच्या शर्यतीत ही वेळ मागची असली तरी अगदी शेवटची असेलच असं नाही. कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, किती ते आयोजकांना विचारा. तुमच्या हिशेबाच्या वर पंधरा मिनिटं असतील तर चिंता सोडा. हा खेळ सुरूच झाला तो अशा रमतगमत आलेल्या माणसांच्या जिवावर. २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बेवर धावपटूंच्या एका क्लबानं पहिली शर्यत घेतली. संध्याकाळची वेळ, ४६ जण. पळणं आणि सायकल आधी, पोहणं शेवटी. अंधार पडला तेव्हा काही जण पाण्यातच होते, म्हणून गाड्यांचे दिवे पाण्याकडे वळवावे लागले. आता पोहणं आधी असतं, दमलेली माणसं पाण्यात जाऊ नयेत म्हणून, आणि दिवसाउजेडी असतं. तुमच्यासाठी कुणाला गाडीचे दिवे लावावे लागणार नाहीत.

राहिले तुमचे यजमान. ‘या वयात’ला उत्तर हवं असेल तर मॅडोना ब्यूडर नावाच्या एका ख्रिस्ती जोगिणीनं (नननं) २०१२ मध्ये ८२व्या वर्षी अख्खी आयर्नमॅन पुरी केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, वर मॅरेथॉन. पण असली उदाहरणं घरात दिली की भांडण वाढतं, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. बाबांचं त्यांना माहीत असणार, आणि ‘खूळ’ या शब्दामागे तेच असण्याची शक्यता मला बरीच वाटते. रिपोर्ट नीट आले की त्यांना काम द्या: पाण्यातून बाहेर यायच्या जागी उभं राहायचं आणि तुमचं नाव घेऊन ओरडायचं. ट्रान्झिशनमध्ये त्यांना सोडणार नाहीत, बाहेरच्यांची मदत घेतलेली चालत नाही. तेव्हा बूट घालून द्यायला ते येणार असतील तर आधीच सांगून ठेवा.

ता. क. वेळ मोजायची चिप देतात ती डाव्या घोट्याला बांधा. उजव्या बाजूला सायकलची साखळी असते.